मकासारहून आलेलं उत्तर

मंडळातल्या लोकांबद्दल डॉक्टर मुर्वानीचं मत वाईट होतं आणि ते लपवायचे कष्ट ती घेत नसे. जावा बेटावरच्या सालातिगात तिचा दातांचा दवाखाना होता आणि सगळे तिला आदराने 'बू', म्हणजे बाई, म्हणत. मेरबाबू रेडिओ मंडळाच्या निम्म्या सभासदांची तोंडं तिने आतून पाहिली होती. "नुसतं बोलायलाच वापरतात," ती म्हणायची, "दाढा झिजणार नाहीत तर काय!"

परवाना काढून घरबसल्या दूरच्या अनोळखी माणसांशी बिनतारी बोलायचं, हा या मंडळींचा छंद. मुर्वानीच्या वडिलांच्या वेळी लोक सेट स्वतः बांधत. आताचे सभासद जपानी सेट विकत आणायचे, वर भट्टीसारखे तापणारे अँप्लिफायर जोडायचे, आणि एवढी ताकद लावून तीन गल्ल्या पलीकडच्या मित्राला आज काय जेवलो ते सांगायचे. टिंब-रेघांचं मोर्स तर बहुतेकांनी सोडूनच दिलं होतं.

अशात मंडळाचे अध्यक्ष पाक गुनादी, म्हणजे गुनादीराव, यांना साक्षात्कार झाला. फरशांचं मोठं दुकान, त्याहून मोठा आवाज, आणि जिल्हा कचेरीत ऊठबस. त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक सभासदाने सुटे भाग आणून छोटा सेट बांधायचा. ताकद टॉर्चच्या बल्बाएवढी, बोलणं फक्त मोर्समध्ये. मग सभागृहात प्रदर्शन, उपजिल्हाधिकारी पाहुणे, आणि त्यांच्यासमोर खुद्द अध्यक्ष समुद्रापलीकडच्या मकासार शहराशी संपर्क साधणार.

"मोर्समध्ये?" मुर्वानीने विचारलं. "तुम्हाला येतं?"

"बू डॉक्टर, इच्छा असली की सगळं येतं," गुनादी म्हणाले आणि आपली सुट्या भागांची पेटी न उघडताच त्यांनी दुकानातल्या वायरमनकडे पाठवून दिली.

मुर्वानीने आपला सेट दवाखान्यातच बांधला. शेवटचा पेशंट गेला की दातांच्या दिव्याखाली ती भाग मांडायची, भिंगाचा चष्मा लावायची आणि तिळाएवढे कपॅसिटर चिमट्याने बसवून सोल्डर करायची. नखाएवढ्या लोखंडी कड्यांवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायचं काम सगळ्यात किचकट. नवरा सुतिक्नो शेजारी स्टुलावर बसून बघायचा. शेतकी खात्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. मुर्वानीने शिकवल्यावर तो तिसऱ्या खेपेला मोर्सची परीक्षा पास झाला होता.

"सुरेख झालंय," तो म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्याने स्टूल जरा मागे सरकवलं.

सुरेख काही झालं नव्हतं. तिने अँटेनाच्या जागी चाचणीचा रोधक लावला, म्हणजे सेटने फेकलेली सगळी ताकद त्यातच जिरावी आणि मोजता यावी. कळ दाबली, तर मीटरचा काटा जागचा हलेना. तिने सुटे भाग विकणाऱ्याला शिव्या घातल्या, सोल्डर बनवणाऱ्याला घातल्या. शेवटी भिंगातून पाहिलं, तर तारेच्या टोकावरचं लाखेसारखं आवरण तिने खरवडलंच नव्हतं. सोल्डर वरच्या वर बसलं होतं. खरवडून पुन्हा जोडल्यावर काटा उठला. चूक स्वतःची निघाल्याचा राग तिने दवाखान्याचं दार आपटून काढला.

प्रदर्शनाच्या सकाळी सुतिक्नो म्हणाला, "बू, माझं पोट बिघडलंय. तू जा."

"काल तळलेलं तेंपे कुणी संपवलं?" एवढं बोलून ती निघाली.

सभागृहात फलक मंचापेक्षा मोठा होता. टेबलांवर सेट मांडले होते, त्यातले बरेचसे मुके. मुर्वानीने कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि खिडकीतून झाडावर आपली तार टाकली. शेजारी पाक तारमुजी होते, जुन्या काळचे जहाजावरचे तारबाबू. त्यांची कवळी तिनेच केली होती.

साहेब आले, भाषणं झाली. मग गुनादी मंचावर मोर्सची कळ ठोकू लागले. जे निघालं ते मोर्स नव्हतं, पत्र्यावर पडणाऱ्या गारा होत्या. आणि तरीही लाउडस्पीकरवर तात्काळ उत्तर आलं. मकासारचं हाकचिन्ह, म्हणजे तिथल्या सेटची ओळखीची अक्षरं, खणखणीत!

टाळ्या पडल्या. मुर्वानीच्या हेडफोनमध्येही तोच आवाज कान फोडत होता. टॉर्चच्या बल्बाला मकासारहून असा आवाज? तिने सेटच्या मागची अँटेनाची तार उपटली. खरं मकासार असतं तर ते तिथेच बुडालं असतं. आवाज जरा उतरला, पण वाजतच राहिला.

"हा बाबा समुद्रापलीकडे नाहीये," ती पुटपुटली. "भिंतीपलीकडे आहे."

मग तिने नीट ऐकलं. प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ लांबत होती, चपला फरफटत चालावं तशी. ती फरफट तिला चांगली ठाऊक होती. रात्र-रात्र शिकवत बसून तिने ती मोडू पाहिली होती, आणि ती मोडली नव्हती.

तिने तार पुन्हा जोडली आणि अध्यक्ष घाम पुसायला थांबले तशी स्वतःची कळ ओढली. "पोट कसं आहे? सोतो गार होतोय, या."

मग बिचाऱ्या मकासारने सवयीने उत्तर दिलं. "आलोच बू."

पाक तारमुजी हसता हसता वाकले आणि त्यांनी कवळी हातानेच धरली. बाकी सभागृहाला काही कळलं नाही. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

गुनादी पटकन माइककडे झुकले. "मकासारच्या बांधवांनी साहेबांना नमस्कार कळवलाय, आणि आपल्या कार्याचं कौतुक केलंय!"

पुन्हा टाळ्या पडल्या. साहेबांनी हात जोडले.

मागच्या अंगाला बॅडमिंटनच्या जाळ्या ठेवायची खोली होती. मुर्वानीने दार ढकललं. सुतिक्नो तिचाच जुना सेट मांडीवर घेऊन खुर्च्यांच्या ढिगात बसला होता.

"अहो, लाज नाही वाटत?"

"वाटते."

"काय कबूल केलंय त्याने? चिटणीसपद?"

"ते पण." त्याने हेडफोन काढले. "पण त्यासाठी नाही आलो. गुनादी म्हणाले, पाक सुतिक्नो, मोर्समध्ये तुमच्यासारखा हात मंडळात नाही. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं."

"त्या माणसाला मोर्स कळत नाही."

"माहितीये मला," सुतिक्नो म्हणाला.

सेटची एक बाजू तिने उचलली, दुसरी त्याने, आणि दोघं मागच्या फाटकातून गाडीकडे गेले.

गुनादींना मानपत्र मिळालं. ते त्यांनी दुकानात, इटालियन फरशांच्या वर लावलं. तारमुजींनी सगळ्यांना खरी हकिकत सांगितली. सगळे हसले आणि पुढच्या निवडणुकीत गुनादींनाच निवडून दिलं. चिटणीसपद सुतिक्नोने नाकारलं.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी मुर्वानीच्या छोट्या सेटला खरं उत्तर आलं. समुद्रापलीकडच्या पालूहून, खरखरीच्या तळाशी गेलेलं, मधेच विरणारं. तिने हाकचिन्ह पकडलं, पण माणसाचं नाव पुन्हा पुन्हा मागूनही हाती लागेना.

"लामाकी," दुसरे हेडफोन लावून मागे बसलेला सुतिक्नो म्हणाला.

"शक्यच नाही. असलं कुठे नाव असतं?"

"विचार."

तिने विचारलं. पलीकडून 'होय' आलं, आणि आवाज बुडाला.

मुर्वानीने हेडफोन उतरवले आणि उगाच सेटवरची धूळ पुसली. "कान बरे आहेत तुमचे," ती म्हणाली.

सुतिक्नो इतका खुलला, इतका वेळ खुललेला राहिला, की जेवणं होईपर्यंत तिला बोलल्याचा पश्चात्ताप झाला होता.