पाच दोर

प्रश्न १. उतारा वाचा.

इंग्रजीच्या बाईंनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि घसा खाकरला. समोरच्या बाकावर, गुडघे मावत नव्हते म्हणून तिरका होऊन, मेलेला माणूस बसला होता.

"वाचा की मॅडम," तो म्हणाला. "मेलो तर आहेच. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

माणूस चांगला धडधाकट होता. लिफ्टदुरुस्तीचं काम. कामावरून तसाच आलेला, खिशाला टेस्टर लावलेला. त्याची मुलगी नववीत होती आणि सगळा वर्ग आता मैदानावर होता. इंग्रजी येत नाही हे त्याने दारातच सांगून टाकलं होतं. म्हणून बाई एक ओळ डोळ्यांनी वाचत आणि ती मराठीत सांगत.

"माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. एका मंगळवारी लिफ्टचा दोर तुटला. अकराव्या मजल्यावरून ते खाली आले."

"हं."

"ते उभ्यानेच जेवतात. एक हात ताटात, एक फोनवर. ते गेल्यावर आईने त्यांची खुर्ची माझ्या भावाला दिली. खुर्ची नवीकोरी होती."

त्याने नखाने बाकावरचा शाईचा डाग खरवडून पाहिला. डाग जुना होता, निघाला नाही.

"पुढे," तो म्हणाला.

प्रश्न २. पुढील शब्द वाक्यात वापरा: विश्वास, शांतता, खुलासा.

विश्वास. इंग्रजीला लावलेल्या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात निवेदकाची आई मरते. ते शिकवून झाल्यावर बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: 'मी' होऊन एक पान लिहा, कल्पनेने, पण असं की वाचणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे. बेचाळीस जणांनी पानं दिली. एकेचाळीस जणांनी कादंबरीतलीच आई पुन्हा मारली. बेचाळिसाव्या पानावर बाईंचा विश्वास बसला. फळ्यावर आपणच काय लिहिलं होतं ते त्या साफ विसरल्या.

शांतता. मुलगी ताप येऊन दोन दिवस घरी होती. बाईंनी पान शिक्षकखोलीत वाचून दाखवलं, चित्रकलेच्या सरांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळी शाळा दोन मिनिटं खाली मान घालून उभी राहिली. पानात मध्येच वर्तमानकाळ येत होता. बाईंनी लाल शाईने त्याचा भूतकाळ केला होता आणि मनात म्हटलं होतं, पोरीला अजून पटत नाही बिचारीला.

खुलासा. वर्गशिक्षिकेने सांत्वनासाठी घरी फोन लावला. तो ज्याने उचलला त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "कोण गेलं म्हणता? मीच बोलतोय."

प्रश्न ३. चुका दुरुस्त करा.

मोठ्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. शाळेचं हसं झालंय. उद्या प्रार्थनेच्या वेळी मुलीने सगळ्यांसमोर माफी मागावी आणि ते पान आंतरशालेय स्पर्धेला जाणार नाही. वडिलांनी काही तक्रार नसल्याचं लेखी दिलं, तर बघू.

"चूक माझी आहे," इंग्रजीच्या बाई म्हणाल्या. "लिहायला मीच सांगितलं आणि मीच फसले. तिला उद्या तिथं उभं केलं ना, तर ती पुन्हा एक ओळ लिहायची नाही. निबंध पाठ करेल, पास होईल, संपलं. तुम्ही चिडला असाल तर माझ्यावर चिडा."

"घरी विचारलं मी तिला. तर म्हणते, बाबा, गोष्टीत कुणालातरी मारावं लागतं आणि आई स्वयंपाक करत होती." तो हसला. "म्हणजे सोयीचा मीच होतो."

बाईंनाही हसू आलं. ते त्यांनी कागदाआड ठेवलं.

"पण मॅडम, एक मोठी चूक आहे यात. ती तुमच्या लाल पेनात आली नाही."

"कोणती?"

"दोर तुटत नाही." त्याने हाताची पाच बोटं पसरून बाकावर ठेवली. "पाच दोर असतात. आमच्याकडच्या लिफ्टना तरी पाच. चार तुटले तरी उरलेला एक लिफ्टची गाडी धरून ठेवतो. पाचही गेले, तर खाली ब्रेक आहेत, ते रुळांना चावा घेतात. दोर तुटून मेलेला माणूस मी चोवीस वर्षांत पाहिला नाही."

"मग बदलायला सांगते," बाईंनी पेनचं टोपण काढलं. स्पर्धेचे परीक्षक असल्या गोष्टी बरोबर पकडतात. "खरं कसं होईल ते सांगा."

बाईंच्या टेबलावरचा खडू घेऊन त्याने बाकावर एक चौकोन काढला, त्यावर एक उभी काडी.

"ही गाडी. हा मी, गाडीच्या डोक्यावर. खाली मेन बंद केलेला असतो, पाटी लावलेली असते. कुणालातरी घाई असते. तो पाटी वाचत नाही, मेन चढवतो. गाडी वर निघते. वर स्लॅब." त्याने चौकोनाच्या वर एक आडवी रेघ ओढली. "ओरडायला वेळ मिळतो. तेवढाच मिळतो."

मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. बाईंचं पेन उघडंच होतं.

"माझा कामावरचा जोडीदार होता," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. घरी सांगितलंय, काका दुसऱ्या शहरात कामाला लागला. आमची पोर अजून विचारते, काका फोन का करत नाही. हल्ली मी कामावर असलो की सारखे फोन येतात तिचे. काही नाही, सहज, म्हणते. म्हणून तो फोन हातात, जेवतानासुद्धा. कंपनीचा वाटतो सगळ्यांना."

त्याने तळहाताने बाकावरचं चित्र पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं, शर्टाच्या बाहीने.

"तिचा दोरच राहू द्या, मॅडम. तुटू दे."

प्रश्न ४. औपचारिक पत्र लिहा.

मायना बाईंनी सांगितला, बाकीचं त्याने स्वतः लिहिलं. अक्षर मोठं, ओळी चढत गेलेल्या.

'मी हयात आहे. माझी मुलगी इयत्ता नववीत आहे. तिने माझ्याविषयी जे लिहिले ते मी ऐकले आहे. त्यास माझी हरकत नाही. ते स्पर्धेला पाठवावे. तिला प्रार्थनेच्या वेळी उभे करू नये. करायचे असल्यास मला बोलवावे, मी येऊन उभा राहीन.'

शेवटचं वाक्य खोडावं का, असं त्याने विचारलं. बाई नको म्हणाल्या.

तास संपला, वर्ग आत आला, घामाचा आणि धुळीचा वास घेऊन. मुलीने दारातच पाहिलं, वडील जिन्याने खाली उतरत होते. ती टेबलाशी आली. चेहरा धुतल्यासारखा पांढरा.

"माफी मराठीत मागायची की इंग्रजीत?"

"मागायची नाहीये. पक्की प्रत करून आण उद्या. ते उभ्यानेच जेवतात, तिथं मी काळ बदललाय. तो तुझा होता तसाच ठेव."

मुलीने कागद हातात घेतला. लाल खुणा मोजाव्यात तशी तिची नजर वरून खाली गेली आणि पहिल्या ओळींवर परत आली.

"बाबांनी ऐकलं सगळं?"

"सगळं."

"लिफ्टचं बरोबर आहे म्हणाले? मी त्यांना विचारलं नव्हतं. मनानंच लिहिलं."

बाईंनी पेनला टोपण लावलं.

"बरोबर आहे म्हणाले," त्या म्हणाल्या. "जा, बस जागेवर."