डावं-उजवं

निवडणुकीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे सकाळचे दोन्ही विद्यार्थी आले नाहीत. दुपारची आली, पण गाडी सुरू करायच्या ऐवजी तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हॉर्न वाजायला लागला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी म्हटलं, रडून झालं की आरसे नीट कर.

मी गाडी चालवायला शिकवते. सगळे मला बाई म्हणतात, माझ्याहून मोठे असले तरी. माझ्या गाडीत एक नियम आहे, राजकारण बोलायचं नाही. हा नियम मी फार सज्जन आहे म्हणून केलेला नाही. जिंकलेला माणूस राजकारण बोलायला लागला की त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, हरलेला बोलायला लागला की तो क्लच सोडायचा विसरतो, आणि काहीही झालं तरी वाट माझ्या गाडीची लागते. मी स्वतः हरलेल्यांपैकी. निकालाच्या संध्याकाळी मी गाडी धुतली, पुसली आणि पुन्हा धुवायला घेतली. शेजारी म्हणाला, "स्वच्छच होती की." मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. शेजारी जिंकलेल्यांपैकी होता, आणि त्या दिवशी त्याचं हसणं मला सहन होत नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी एक काकू आल्या. स्वतः गाडी चालवत आल्या, झोकात लावली, फक्त मागचं चाक फूटपाथला जरासं घासलं. म्हणाल्या, "नवऱ्याला शिकवायचंय."

"वय?"

"रिटायर झालाय. शाळेत भूगोल शिकवायचा."

"मग आजवर गाडी कोणी चालवली?"

"मीच. तो शेजारी बसून नद्या दाखवायचा."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागत होती आणि ती देणारा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. डॉक्टरांनी म्हणे वर्षअखेरपर्यंत गाडी चालवा, मग बंद करा असं सांगितलं होतं. "त्याला मी नुसता मोतीबिंदू सांगितलाय. तुम्हीही तेच धरून चाला."

मी विचारलं, "टॅक्सीने नाही का जाता येणार?"

"येईल की. पण टॅक्सी केली तर तो घरीच बसेल." काकूंनी पर्स मांडीवर घेतली. "निकाल लागल्यापासून तो घरातच आहे. पडदे ओढलेले. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, तो त्याने उलटा करून लावलाय, भिंतीकडे तोंड करून. जेवतो, पण काय जेवलास विचारलं तर सांगता येणार नाही. बातम्या बघतो, बंद करतो, खोलीत एक चक्कर मारतो, परत लावतो. बोलायला जावं तर म्हणतो, आता बोलून काय उपयोग. बाई, मला तो घराबाहेर काढायचाय. गाडी काय, आली तर आली."

दुसऱ्या दिवशी सर आले. उंच, किडकिडीत, राखाडी कोट, आणि चेहरा असा की कुणी पाहिलं तर आधी विचारावं, कोण गेलं. चावी फिरवणं, गिअर टाकणं, क्लच हळू सोडणं, सगळं त्यांनी मुकाट्याने केलं. मला वाटलं, चला, गुणी विद्यार्थी मिळाला. पहिला चौक आला. मी म्हटलं, "उजवीकडे वळायचंय, इंडिकेटर द्या."

सर म्हणाले, "सगळं जग तिकडेच वळलंय."

स्टिअरिंग होतं तसंच राहिलं आणि आम्ही चौक ओलांडून सरळ गेलो.

पुढच्या चौकात मी म्हटलं, "बरं, डावीकडे घ्या."

"तिकडे आता उरलंय कोण?"

पुन्हा सरळ. अशाने आम्ही शहराबाहेर पोचलो. परत यायचं तर कुठेतरी वळावं लागतं आणि वळायला या दोन बाजू सोडून तिसरी बाजू नाही. शेवटी मी त्यांना उठवलं आणि गाडी स्वतः फिरवली. म्हटलं, "सर, मी विद्यार्थ्यांमध्ये डावं-उजवं करत नाही, तुम्ही रस्त्यांमध्ये करू नका." ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

आठवडाभर हेच चाललं. ते मुद्दाम करत नव्हते, हे मला हळूहळू कळलं. शब्द कानावर पडला की त्यांचं मन कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी मतमोजणीत जायचं, आणि हात इथेच राहायचे. एकदा माझा तोल गेला. उन्हं डोळ्यांवर आली होती, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि मी ओरडले, "सर, पूर्वेला वळा!"

सर वळले. आरसा बघून, इंडिकेटर देऊन, कडेला न घासता, लोण्यातून सुरी जावी तसे.

त्या दिवसापासून मी डावं-उजवं बंद केलं. उत्तरेला घ्या, दक्षिणेला लावा, पश्चिमेची गाडी जाऊ द्या. माझ्या स्वतःच्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं, ते मी त्या महिन्यात शिकले. सर सुधारत गेले. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लागले, अरुंद गल्लीत मागे घ्यायला लागले. मधूनच त्यांना उबळ यायची. एकदा म्हणाले, "सगळं दरीकडे चाललंय बाई, मी ब्रेक शिकून काय करू?" मी म्हटलं, "दरीकडे चाललेल्यालाच ब्रेक लागतो. दाबा." त्यांनी दाबला. सिग्नल लाल होता.

काकूंचा फोन आला. "अहो, आज त्याने पडदा उघडला. ऊन कुठल्या बाजूने येतं ते बघायचं होतं म्हणे." त्यांचा आवाज असा, की जणू घरात कुणी परीक्षेत पहिलं आलंय. मलाही बरं वाटलं. इतके आठवडे मला कशानेच बरं वाटलेलं नव्हतं.

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सकाळीच बातमी होती, कुठेतरी लांब नवं युद्ध सुरू झालं होतं. सरांचे डोळे तारवटलेले होते. परीक्षा घेणारे साहेब सरांच्याच अंगकाठीचे, त्यांनीही राखाडी कोटच घातलेला. दोघे पुढे बसले तेव्हा मागून मला दोन भाऊ बसल्यासारखे दिसले. मी मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले. परीक्षेत बाईंनी तोंड उघडायचं नसतं.

सुरुवात चांगली झाली. मग साहेब म्हणाले, "पुढच्या चौकात उजवीकडे घ्या."

सरांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. तिथे सूर्याचा पत्ता नव्हता. गाडी चौकाच्या मधोमध थांबली. चारी बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. सर अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, पूर्व कुठली?"

साहेबांनी त्यांच्या नोकरीत पुष्कळ ऐकलं असणार. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर एक रेघ मारली.

परत आल्यावर परीक्षाकेंद्राच्या अंगणात मी माझा नियम मोडला. सरांना म्हटलं, "लाड मीच केले तुमचे, ते जाऊ द्या. पण आता ऐका. मीही हरलेय. सकाळी बातम्या दिसू नयेत म्हणून मी फोन उशीखाली ढकलते. मलाही वाटतं, कशासाठी शिकवायचं या पोरांना, कुठे जाणारेत ती गाड्या चालवत. पण उजवीकडे म्हणजे उजवीकडे. तुम्ही सही करता ना, तो हात. त्याच्यात पक्ष नाही, निकाल नाही, काही नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. निकालाच्या दिवशी मी धुतलेली गाडी परत धुतली."

"मी भांडी लावत होतो," सर म्हणाले. "लावलेली काढून परत लावत होतो." आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसल्यासारखं काहीतरी आलं.

तेवढ्यात फाटकातून त्यांची गाडी आत आली. काकूंना दम धरवला नव्हता. गाडीचं एक चाक फुलझाडांच्या कठड्यावर चढलं आणि तसंच राहिलं. काकू उतरल्या आणि झपाझप चालत आमच्याकडे आल्या. मी हात वर केला. काकू आमच्या जवळून, अगदी सरांच्या कोटाला पदर लागेल इतक्या जवळून पुढे गेल्या. पायरीवर साहेब कागद चाळत उभे होते. काकूंनी त्यांची बाही धरली.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "पुन्हा देशील. तेवढ्यावरून तोंड नको पाडून बसू. चल घरी."

साहेबांनी कागद खाली घेतले. मग हळूच म्हणाले, "ताई, तुमचे मिस्टर तिकडे आहेत."

आवाज ऐकल्यावर काकूंनी बाही सोडली. त्या वळल्या, आणि आमच्या दिशेला बघून हसल्या. पण हसल्या त्या माझ्याकडे बघून नाही आणि सरांकडे बघूनही नाही. आमच्या मधल्या जागेकडे बघून हसल्या.

मला भयंकर राग आला. अशा डोळ्यांनी या बाई भर रस्त्यातून गाडी चालवत आल्या होत्या. माझ्या धंद्यात या गोष्टीला माफी नाही. मी पुढे होऊन हात पसरला. "किल्ली द्या काकू."

त्यांनी मुकाट्याने दिली.

"वर्षअखेर सांगितलीय ना डॉक्टरांनी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "बंदच करायला सांगितलंय. कडेकडेने दिसतं हो सगळं. मधलं तेवढं जातं. जिथे बघायला जावं नेमकं तेच."

सर एक पाऊल पुढे आले. "म्हणजे मी?"

"तुझे खांदे दिसतात. वर धुरकट."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी माझ्या गाडीची शिकाऊ पाटी काढून त्यांच्या गाडीला बांधली, किल्ली सरांच्या हातात दिली आणि शेजारी बसले. काकूंना मागे बसवलं. शिकवायच्या गाडीत असतो तसा त्या गाडीत माझ्या पायाशी ब्रेक नव्हता. सगळ्या वाटेवर माझा पाय रिकाम्या जागी दाबत होता. माझ्या तोंडून सवयीने डावीकडे, उजवीकडे असंच निघत होतं, आणि सर वळत होते. त्यांच्या डोक्यात आता दुसऱ्या कशाला जागाच नसावी.

एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सरांनी आरशातून मागे पाहिलं.

"कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

काकू खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. "निकालाच्या आदल्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "तुला सांगणारच होते. मग निकाल लागला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. सरांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी हळू पुढे घेतली. मला वाटलं होतं ते रडतील, मग आपण काय करायचं याचा मी विचारही करून ठेवला होता. ते रडले नाहीत. त्यांनी गाडी घरासमोर लावली, हँडब्रेक ओढला, आणि विचारलं, "पुढचं इंजेक्शन कधी?"

"गुरुवारी."

ते माझ्याकडे वळले. "बाई, गुरुवारच्या आधी पुन्हा परीक्षा देता येईल?"

"नाही येणार, सर. महिना तरी जाईल."

"मग गुरुवारी तुम्ही शेजारी बसाल?"

गुरुवारी माझ्याकडे चार जणांचा तास होता. मी म्हटलं, बसेन.

सरांनी उतरून मागचं दार उघडलं आणि काकूंना हात दिला. त्या उतरल्यावर ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काकूंची नजर त्यांच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच अडखळली. सरांच्या ते लक्षात आलं. ते तिथून सरकले आणि अंदाज घेत, एकदा थांबून, थोडे अजून मागे होऊन, त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. काकूंनी मान हलवली नाही. समोर नुसती कंपाउंडची भिंत होती, त्या भिंतीकडेच त्या बघत राहिल्या, बराच वेळ.

"अरे," त्या म्हणाल्या, "किती वाळलायस तू."