सूर्य मावळायच्या आत

उत्तराने कोपराने शेजारची बेल दाबली, कारण दोन्ही हातांत मुगाच्या कढणाची वाटी होती आणि ती चांगलीच भाजत होती. मग तिच्या लक्षात आलं की दार उघडंच आहे. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. आत पांढऱ्या साड्यांतल्या बायका हलक्या आवाजात नवकार मंत्र म्हणत बसलेल्या, आणि मधोमध, पलंग सरकवून मोकळ्या केलेल्या जागेत, चटईवर झवेरबेन आडवी. तीही पांढऱ्यात. डोळे मिटलेले.

उत्तरा उंबऱ्यातच थांबली. गेली! काल संध्याकाळी तर बोलत होती. आणि भिंतीला भिंत लागून राहते मी, मला कुणी हाकही मारली नाही?

तेवढ्यात झवेरबेनने डोळे उघडले.

"ये, टीचर. जेवलीस?"

कढण उत्तराच्या बोटांवर सांडलं. सून रुचिरा लगबगीने उठून आली आणि तिने वाटी काढून घेतली.

"मावशी, आता हे नको," ती हळूच म्हणाली. "मम्मीने सकाळी संथारा घेतला. साध्वी महासतीजी येऊन व्रताचं पच्चक्खाण देऊन गेल्या."

"म्हणजे काय?"

विचारलं खरं, पण म्हणजे काय ते उत्तराला पक्कं ठाऊक होतं. अन्न सोडायचं. देह सुटेपर्यंत. मुलुंडच्या शाळेत तिने उभा जन्म इतिहास शिकवला होता. सातवीच्या वर्गात दर वर्षी ती फळ्यावर लिहायची: चंद्रगुप्त मौर्य, जैन परंपरेनुसार, राज्याचा त्याग करून दक्षिणेत गेला व सल्लेखना व्रताने त्याने देह ठेवला. सल्लेखना म्हणा नाहीतर संथारा म्हणा, गोष्ट एकच. दोन मार्कांचं उत्तर. 'त्याग' या शब्दाखाली रंगीत खडूने रेघ. एवढं साम्राज्य उभं करणारा माणूस उपाशी पडून राहिला म्हणजे त्याचे ओठ सुकले असतील, पोटात कळ आली असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आता ते ओठ समोर होते. कोरडे, आणि वर हसत होते.

"वेड लागलंय का गं तुला?" उत्तरा खाली बसत म्हणाली.

"हळू बोल. सगळ्या बसल्यात."

"बसू देत. कालपर्यंत माझ्या हातचं खात होतीस ना?"

"तुझ्यासाठी खात होते, टीचर. मला उतरत नव्हतं."

उत्तराला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. हॉस्पिटलने झवेरबेनला घरी पाठवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता आमच्या हातात काही नाही, खाईल ते द्या. बाकीच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं, उत्तराने दुसरं. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, बटाटा नाही. मासळीवर वाढलेल्या उत्तरा कर्णिकने म्हातारपणी जैन कढणं शिकून घेतली होती. वाटी रिकामी झाली की ती गड जिंकल्यासारखी घरी यायची. आणि ही बया म्हणते उतरत नव्हतं!

झवेरबेनने हात जोडले. हात कसले, नुसत्या काड्या.

"आता एकच काम राहिलंय. सगळ्यांना खमावून झालं. मिहिरला, रुचिराला, दूधवाल्याला पण. तू राहिलीस. कधी काही बोलले असेन, दुखावलं असेन, तर माफ कर. मिच्छामि दुक्कडम्."

हे शब्द उत्तराला नवे नव्हते. दर वर्षी पर्युषण संपलं की झवेरबेन दारात येऊन हेच म्हणायची. आणि उत्तरा दर वर्षी म्हणायची, "केलं माफ, एक खिडकी सोडून." कारण रविवारी उत्तराकडे बांगडा तळायला पडला की शेजारची खिडकी धाडकन बंद व्हायची. चार वाजता तीच खिडकी उघडायची आणि हाक यायची, टीचर, चहा. नवरा गेला त्या वर्षी तर या हाकेवरच उत्तराचा दिवस निघायचा.

आज ती त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. सगळ्यांना खमावलं, मी राहिले. मी हो म्हटलं की हिची गाठोडी बांधून झाली. मग ही निघाली.

"नाही," उत्तरा म्हणाली. "नाही करत माफ. बस तशीच."

नवकार थांबला. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. उत्तरा उठली आणि चपला न घालताच आपल्या घरात आली.

घरी येऊन तिने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. पोलिसांना बोलवावं? काय सांगायचं, की माझी शेजारीण देवाचं नाव घेत पडून आहे? तिने फोन उचलला आणि परत ठेवला. पण मनात एक हट्ट घट्ट धरून ठेवला. माफी मिळाल्याशिवाय जाता यायचं नाही तिला. आयुष्यात साधी संकष्टी न केलेली बाई, पण ह्यावर तिने असा विश्वास टाकला की ज्याचं नाव ते.

बाहेर माणसांची रीघ लागली. लिफ्ट थांबायचं नाव घेईना. घाटकोपरहून, भायखळ्याहून, थेट कच्छहून लोक दर्शनाला येत होते, चांगले कपडे घालून, लहान पोरांना घेऊन. लग्नघर असावं तसं. मरण एवढं उघडं दार ठेवून असतं, हे उत्तराला बघवेना. ती भिंतीपलीकडचे आवाज ऐकत बसायची. कुकर ओट्यावर तसाच पडून होता. बिस्किट तोंडात धरलं तर तेही फिरायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिहिर आला. झवेरबेनचा मुलगा, आणि शाळेत उत्तराचा विद्यार्थी. पन्नाशीला आला तरी तिच्यासमोर बाकाशी उभा असल्यासारखा उभा राहायचा.

"बाई, मम्मीला झोप नाही. दुखतंय म्हणून नाही. दार वाजलं की विचारते, टीचर आली का."

"येणार नाही मी." उत्तराचा आवाज चढला. "तू मुलगा ना रे तिचा? साधं जेव म्हणाला नाहीस तिला?"

मिहिर खाली बघत म्हणाला,

"सातवीत मी तुम्हाला हेच विचारलं होतं, बाई. चंद्रगुप्ताला कुणी जेव म्हणालं नाही का? सगळा वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, परीक्षेला येत नाही, खाली बस."

उत्तराला काही आठवेना.

"मग घरी येऊन मम्मीला विचारलं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, सगळेच म्हणाले असतील रे. ज्याची माया जास्त, तो जास्त वेळा. आणि दर वेळी बिचाऱ्याला नाही म्हणावं लागलं असेल. उपाशी राहणं सोपं, ते जड." मिहिरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी एकदा म्हणालो, बाई. नाही म्हणताना तिचा चेहरा बघितला. परत नाही म्हणालो."

तो गेला. उत्तरा त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. आपण दोरी धरून बसलोय असं वाटत होतं. दोरी कुणाच्या गळ्यात आहे ते पाहिलंच नव्हतं. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि शेजारी गेली.

झवेरबेन तीन दिवसांत निम्मी झाली होती. दिवसा घोटभर उकळलेलं पाणी, एवढंच चालू होतं. उत्तरा जवळ बसली आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागली. झवेरबेन मात्र तिच्या तोंडाकडे बघत होती, अगदी निरखून.

"जेवली नाहीस तू," ती म्हणाली.

"जेवले."

"खोटं. तीन दिवस तुझ्या कुकरची शिट्टी नाही." मग जितका निघेल तितका आवाज काढून तिने हाक मारली, "रुचिरा! टीचरचं ताट आण."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परवाची ती म्हातारी पुढे वाकली. "झवेरबेन, इथे? संथाऱ्यात?"

"इथेच. सूर्य मावळायच्या आत. अंधार पडल्यावर माझ्या घरात कुणी जेवत नाही."

ताट आलं. मुगाची खिचडी, कढी, दुधीची भाजी. तुपाचा वास खोलीभर पसरला आणि उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्यासमोर? अगं, माझ्याने नाही व्हायचं."

"मी तुझ्यासाठी खाल्लं ना? आता तू माझ्यासाठी खा."

उत्तराने घास उचलला. अर्धी खिचडी ताटातच पडली. घास तोंडात घालताना ती झवेरबेनच्या डोळ्यांत शोधत होती. थोडी तरी भूक, एखादा आवंढा, काहीतरी. काहीच नव्हतं. पोर जेवतंय का हे बघणाऱ्या आईचे डोळे होते, बास. उत्तराला रडू फुटलं आणि ती रडत रडतच चावू लागली.

"केलं गं माफ," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"खिडकीचं पण?"

"खिडकीचं पण. आणि मलाही कर."

झवेरबेनने मान डोलावली. कुणीतरी पुन्हा नवकार सुरू केला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर अजून थोडं ऊन होतं. झवेरबेनने एकदा तिकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि डोळे मिटून घेतले.

"रुचिरा," ती म्हणाली, "टीचरला खिचडी वाढ अजून."