बोअरची दृष्ट

डहाणूच्या किनाऱ्याला लागून मासेमारांची जी जुनी आळी आहे, तिथे विहिरी आहेत. परंतु उन्हाळा लागताच त्यांचे पाणी मचूळ होते आणि बायाबापड्यांना हंडे मांडून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. याच आळीत जन्मलेला जिग्नेश पाण्याच्या सर्वेक्षणाचे ठेके घेणाऱ्या एका कंपनीत लागला, तेव्हा साऱ्या आळीला आपल्याच घरचा मुलगा मोठा झाल्यासारखे वाटले. त्याची आत्या वेणू तर मासळीच्या बाजारात गिऱ्हाइकांनाही ऐकवीत असे, "आमचा जिग्नेस जमिनीच्या पोटातलं वाचतो!"

हे वाचणे असे असे. बोअरच्या छिद्रात पाणी उभे असते. त्यात केबलला बांधलेली एक नळी हळूहळू खाली सोडायची आणि तिच्यातून वीज सोडायची. भोवतालचा दगड त्या विजेला किती अडवतो, ते कागदावर रेघेच्या रूपाने उमटते. घट्ट, कोरड्या कातळाशी रेघ उजवीकडे धाव घेते. गोड्या पाण्याने भरलेल्या भेगा आल्या की मधोमध येऊन थांबते. आणि खारे पाणी असेल तर विजेला अडवणारे कोणी उरत नाही व रेघ डाव्या काठाला चिकटते. यंत्र अशा दोन रेघा काढते : एक छिद्राला लागून असलेल्या दगडाची, दुसरी त्यापलीकडच्या, आतल्या दगडाची.

यंदा कंपनीने बोअरसाठी दोन जागा सुचवल्या होत्या. एक या आळीतली, दुसरी एका बागाईतदाराच्या चिकूवाडीशेजारची. दोन्हीकडे चाचणीची बोअर घेऊन पाणी काढण्याची मंजुरी एकाच जागेला मिळणार होती. आळीतली बोअर खणून झाली आणि ती वाचण्याचे काम जिग्नेशकडे आले. निघताना साहेब हसत म्हणाले, "स्वतःच्या गावची बोअर आहे, बरं का जिग्नेश. प्रेमात पडून वाचू नकोस."

हे बोल त्याच्या मनाला बोचले.

नळी खाली गेली, आणि जवळची रेघ जी डाव्या काठाला चिकटली ती सुटेचना. वर काढलेला पाण्याचा नमुना त्याने जिभेवर ठेवला, तोही खारट. परंतु आतल्या दगडाची रेघ मात्र मधोमध, गोड्या पाण्याच्या जागी, स्थिर उभी होती. जिग्नेशने ते पाहिले. न पाहण्याइतका तो कच्चा नव्हता. याचा एक अर्थ असा की खडकातले पाणी गोडे आहे आणि खारेपणा केवळ छिद्रातल्या पाण्यात आहे. पण छिद्रात खारेपणा येणार कोठून? दुसरा अर्थ असा की जवळच्या भेगांत खाडीचे पाणी शिरले असून आत ते हळूहळू पसरेल. पहिला अर्थ लिहावा तर साहेबांचे हसणे डोळ्यांपुढे उभे राही. म्हणून त्याने दुसरा लिहिला, खाली सही केली, आणि आपण रक्ताच्या नात्याचा मोह बाजूला सारला याचे त्याला त्या दिवशी मोठे समाधान वाटले.

अहवाल वर गेल्यावर तो आळीत आला. वेणूआत्या बोंबील वाळत घालीत होती.

"आत्या, बोअर नापास झाली. पाणी खारं आहे."

"खारं? आत्याची मस्करी करतोस काय रे?"

"मशीननेच दाखवलं."

"मग तुझ्या मशीनचीच नजर लागली मेलीची! आम्ही तर एवढी दृष्ट काढली होती."

"कोणाची दृष्ट?"

"बोअरची रे. नवी होडी पाण्यात ढकलताना काढतो ना, तशी. तुझी मशीन यायच्या आदल्या सांजेला आम्ही सगळ्या जमलो. कुंकू लावलं, नारळ फोडला, मीठ ओवाळलं."

जिग्नेश एक पाऊल पुढे आला. "ते मीठ कुठे टाकलंत?"

"होडीवरून ओवाळलेलं समुद्रात टाकतो. इथे समुद्र कुठला? पाईपाचं झाकण काढलं आन् आतच ओतलं." आत्याचा चेहरा अभिमानाने फुलला. "टोपली भरून होतं, मासळीला लावायचं जाडं मीठ. हात आखडला नाही हो कोणी! तुझं काम होतं ना."

तो तेथेच वाळूत बसला. मधोमध उभी राहिलेली ती दुसरी रेघ आता त्याला सरळ वाचता येत होती. खडक गोडा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मसोलीतल्या कार्यालयात त्याने साहेबांना सर्व सांगितले. "साहेब, बोअर उपसून धुऊन काढू आणि पुन्हा नळी सोडू. एका सकाळचं काम आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "काल पाणी खारं होतं, आज आत्या खारी झाली?"

"साहेब, दोन रेघांत फरक आहे. पाहा ना."

"फरक कालही होता. तेव्हा काय झोपला होतास?"

"तेव्हा मी... तुम्ही म्हणाला होतात ना, प्रेमात पडू नकोस."

"म्हणजे चूक माझी? वा! अरे, आता गावकऱ्यांनी कान पिळले, म्हणून तुला रेघा गोड दिसायला लागल्या. मीठ ओतलं असं मी वर कळवू? लोक पोट धरून हसतील. चिकूवाडीची जागा मंजूर झाली. विषय संपला." मग त्यांनी स्वर मऊ केला. "खारी बोअर उघडी ठेवायची नसते, वरच्या विहिरी नासतात. ती सिमेंटने बुजवायची आहे. तूच जा. गावचा माणूस पाहून लोक अडवणार नाहीत."

जिग्नेशला नोकरी हवी होती. तो गेला.

सिमेंटची गाडी आळीत शिरली तेव्हा बाया वाटेवर आल्या. होडी दुरुस्त करणारा नारूकाका हातातली पटाशी तशीच घेऊन आला.

"काय रे, पाणी आणायला शिकवला तुला, का बुजवायला?"

कोणी हसले नाही. वेणूआत्या पुढे आली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "जिग्नेस, खरं सांग. आम्ही मीठ टाकलं म्हणून हे झालं?"

होय म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हटले असते तर आळीने त्या बायांनाच बोल लावला असता. जिग्नेशने मान खाली घातली.

"नाही, आत्या. खाली गोडं पाणी आहे. कागदावर दिसत होतं. मी वाचायला चुकलो."

आत्याचा चेहरा क्षणभर उजळला. त्या उजळण्याने त्याच्या काळजाला जितका घाव बसला, तितका नारूकाकाच्या बोलण्याने बसला नव्हता.

"मग वाच की आता नीट!" ती म्हणाली. "आम्ही थांबतो. कुठं जायचंय आम्हाला?"

गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून ओरडला, "साहेब, माल घट्ट होतोय, सोडू का?" आळीत आजवर त्याला कोणी साहेब म्हटले नव्हते. साऱ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. जिग्नेशने हात वर करून माल सोडण्याची खूण केली, आणि करडा, जड ओघ पाईपच्या तोंडातून खाली उतरू लागला.