पुलापलीकडचा नियम

ताई शिवणकाम करायची. घरात तिची बावीस मांजरं. कपड्यांना केस चिकटून येतात म्हणून गिऱ्हाइकं तुटत गेली, तरी तिने एकही मांजर कमी केलं नाही. नवरा गेल्यावर घरात तिला बोलायला ती मांजरंच होती.

पालिकेकडे तक्रारी व्हायच्या. पण तिच्या शहरात किती मांजरं पाळावीत याला बंधन नव्हतं. जनावर उपाशी किंवा आजारी दिसलं तरच पालिकेला हात घालता यायचा, आणि ताईची मांजरं तिच्यापेक्षा बरी जेवायची. निरीक्षक नाकाला रुमाल लावून यायचा आणि हात हलवत परत जायचा.

धाकटा भाऊ नदीपलीकडच्या शहरात राहायचा. वास सहन होत नाही म्हणून तो ताईच्या उंबऱ्याच्या आत कधी येत नसे. त्या पावसाळ्यात ताईचं छत गळायला लागलं, तेव्हा मात्र तो आत येऊन खुर्चीवर बसला.

"दुरुस्ती होईपर्यंत माझ्याकडे चल. गॅरेज रिकामंच आहे."

"आणि ही सगळी?"

"त्यांनाही घे. तुला सोडून राहतील का ती?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने टेम्पो आणला, पिंजरे स्वतः उचलले, बिथरलेल्या बोक्याशी लाडीगोडीने बोलला. पूल ओलांडताना ताई म्हणाली, "बाबा गेल्यापासून इतकं कुणी माझं केलं नव्हतं." तो गाडी चालवत राहिला.

दोन दिवसांनी सकाळीच पालिकेची गाडी दारात आली. गाडीतून उतरलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई सौम्यपणे म्हणाल्या, "आमच्या हद्दीत एका घरात चारच मांजरं चालतात. बाकीची आम्हाला न्यावी लागतील."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

"तू?" ताईने विचारलं.

"तिकडे कुणी काही करतच नव्हतं, ताई. तीनदा कळवून पाहिलं."

"म्हणजे त्या तक्रारीही तुझ्याच. शेजाऱ्यांच्या समजून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं."

"मांजरांच्या केसांनी दम लागतो तुला. तुझे डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? सांगून सांगून माझा घसा बसला."

"म्हणून छताचं निमित्त केलंस?"



"कोणती चार ठेवायची, ते सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. मग तिने आंधळी म्हातारी मांजरी, तीन पायांचा बोका आणि सतत लाळ गाळणाऱ्या दोघी बहिणी बाजूला काढल्या. या चौघांना दुसऱ्या कुणी घेतलं नसतं. बाकीची गाडीत चढवली जात असताना तिने मान वळवली नाही. भाऊ सोडायला निघाला, पण ती चौघांना घेऊन रिक्षाने आपल्या घरी गेली.

छत दुरुस्त झालं. हिवाळ्यापर्यंत तिचा दम कमी झाला. भावाचं खरं ठरलं, हेच तिला जास्त लागलं. तिच्या शहरात अजूनही कितीही मांजरं पाळता आली असती. तिने पुन्हा एकही आणलं नाही.

एके दुपारी भाऊ पँट घेऊन आला. घरात वास नव्हता, तो सरळ आत आला.

"ताई, हिची जरा उंची कमी करून देशील?"

तिने टेप गळ्यात अडकवला.

"उभे राहा," ती म्हणाली. "तुम्हाला किती कमी करून हवी?"