गाळलेला शब्द

"गाळायचं नाही. छापलंय ते वाचायचं, आणि जिथे शिवी आहे तिथे शिवीच वाचायची. तोंड विटाळलं तर चूळ भर, पण तिचा शब्द तिला राहू दे."

थोरली हे मला म्हणाली तेव्हा तिचा आवाज नुकताच घोगरा होऊ लागला होता. आम्हाला वाटलं, वाफेनं घसा बसला असेल. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या प्रत्येकीचा घसा कधी ना कधी बसतो आणि चार दिवसांनी सुटतो. थोरलीचा सुटला नाही.

आमचं धुलाईघर तळघरात आहे. आत मशीनची खोली, बाहेर आमची इस्त्रीची. मधे लांबलचक टेबल, छताकडून लोंबणाऱ्या नळ्यांना जोडलेल्या वाफेच्या इस्त्र्या, आणि कोपऱ्यात भिंतीतून उतरणारी पत्र्याची चौकोनी नळी. वरच्या वॉर्डातल्या मळक्या चादरी त्या नळीतून घसरत येतात आणि टोपलीत धप्पकन पडतात. नळीला खाली झाकण आहे. ते उघडं असलं की दुसऱ्या मजल्यावरचा खोकलासुद्धा ऐकू येतो.

आम्ही सहाजणी. थोरली वयानं आणि आवाजानं मोठी, म्हणून थोरली. सगळ्यात लहान ती धाकटी. मला त्या जपवाली म्हणतात, कारण माझे नेम असतात. पहाटे जप, अंघोळ होईपर्यंत मौन, जेवणाआधी पाच मिनिटं डोळे मिटून बसणं, आणि खोटं बोलायचं नाही. शेवटचा नेम सगळ्यांत जुना, आईनं लावलेला.

वाचनाची सुरुवात धाकटीनं केली. तिला रद्दीच्या दुकानात पुस्तकं धुंडाळायची सवय. नाववाल्या माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेली पुस्तकं ती शोधून आणायची. थोरलीनं पद्धत ठरवली: एकीनं वाचायचं आणि तिच्या वाट्याच्या चादरी बाकीच्या पाचजणींनी उरकायच्या. मला पोथी वाचायची सवय, म्हणून वाचणारी मी. आवाज बारीक, म्हणून स्टूल टेबलाच्या मधोमध.

पहिलं पुस्तक एका गोलंदाजाचं होतं. पहिल्या मोठ्या सामन्यात त्याच्या पँटचं बटण तुटलं, म्हणून त्यानं धावत येणं निम्म्यावर आणलं. पुढे वर्षानुवर्षं जाणकार त्याच्या आखूड धावण्याची तारीफ करत राहिले. दुसरं एका गायिकेचं. तिला स्टेजची इतकी भीती वाटायची की ती प्रत्येक कार्यक्रमात झोपलेला एक श्रोता शोधायची आणि त्याच्याकडे बघून गायची. थोरली म्हणायची, "मोठ्यांची फजिती ऐकली की ओली चादरसुद्धा हलकी लागते बघ."

तिसरं पुस्तक त्या नटीचं. हिंदी सिनेमात चाळीस वर्षं तिनं मोलकरणीचं काम केलं. जिन्यावरून, सायकलवरून, झोपाळ्यावरून पडायची आणि लोक हसायचे. सत्तरीत तिनं ते सगळं लिहून काढलं. त्यात तिच्या आईचं एक प्रकरण आहे. आपली लेक पडते आणि लोक हसतात, हे त्या माउलीला बघवत नसे. म्हणून ती थिएटरात कधी आत गेली नाही. बाहेर जिन्यावर बसायची. आत हशा झाला की एकेक बोट दुमडून मोजायची आणि घरी आल्यावर विचारायची, "आज नऊ वेळा पडलीस. लागलं का गं?" ते वाचलं त्या दिवशी कुणी इस्त्री हलवेना. थोरलीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "रडू नका गं, डाग पडतील अभ्र्यांवर."

आता माझी चूक सांगते. नटी तोंडाची फटकळ. तिच्या पुस्तकात चार पानांआड शिवी. माझ्या तोंडून ते निघेना. मी वाचता वाचता शब्द बदलायची. गाढव चालायचं, त्याच्या पुढचं काही आलं की मी सौम्य करून टाकायची. कुणाला कळलं नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात मात्र अडकले. चिखलाच्या हौदात पडायचा प्रसंग होता. हिरोची वेळ सारखी चुकत होती आणि दिग्दर्शक हिच्यावरच ओरडत होता. अकरा वेळा ही चिखलात पडली. बाराव्यांदा पडताना तिनं दिग्दर्शकाचा पाय धरला, त्याला हौदात ओढला आणि म्हणाली... मी वाचलं, "सद्गृहस्था, आता तुमची पाळी."

कुणी हसलं नाही.

थोरलीनं इस्त्री उभी केली. "काय म्हणाली?"

"सद्गृहस्था."

"अकरा वेळा चिखल खाल्लेली बाई सद्गृहस्था म्हणेल? आण इकडे."

थोरली अक्षर जुळवून जुळवून वाचते. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि त्या शब्दाचं एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत गेली. "ह. रा. म. खो. रा." मग सगळा शब्द एकदम म्हणाली, नटी म्हणाली असेल तसा. खोली फुटली. धाकटी टेबलाखाली बसली. थोरलीचं हसणं गंजलेलं फाटक उघडावं तसं, करकरत सुरू होऊन थांबायचं नाव नाही. मीही हसले. आणि त्या गडबडीत धाकटीची इस्त्री एका अभ्र्यावर तशीच राहिली.

हसणं ओसरल्यावर थोरली माझ्याजवळ आली. हळू बोलली, पण तिचं हळू आमच्या मोठ्याएवढं. "तुझा खोटं न बोलण्याचा नेम आहे ना? मग इतके दिवस काय करत होतीस?"

मी त्याला सभ्यपणा समजत होते. मग ती ते गाळायचं नाही वगैरे बोलली, आणि मी मान हलवली.

जळका वास मुकादमापर्यंत गेला. मुकादम तसा वाईट माणूस नाही. हातात अभ्रा धरून उभा राहिला. त्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट. "उद्या हात जळेल कुणाचा तर मी काय सांगू वर?" हे त्याचं बरोबर होतं. पुढचं नव्हतं. त्यानं पुस्तक उचललं, चाळलं आणि मला म्हणाला, "ताई, तुम्हीसुद्धा? देवाधर्माच्या बाईनं या सिनेमावाल्यांची लफडी वाचायची?"

"लफडी नाहीत, साहेब. पडण्याच्या गोष्टी आहेत."

"काय असतील त्या." त्यानं पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मला एक चोपडं आणून दिलं, सुविचारांचं. "वाचायचंच तर रोज दहा मिनिटं हे वाचा. तुम्ही वाचलंत तर या ऐकतील. तुमचा मान आहे इथे."

मला त्या मानाचा राग आला. मी देवाचं करते ते माझं आणि त्याचं. त्याची काठी करून कुणी या बायकांना हाकावं, यासाठी मी करत नाही. पण भांडता मला येत नाही. मी रोज चोपडं मांडीवर घेऊन स्टूलवर बसायची आणि दहा मिनिटं गप्प राहायची. मौनाची सवय जुनी, जड गेलं नाही. चौथ्या दिवशी मुकादमानं विचारलं, "वाचता का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं चादरींचे ढीग मोजले. पण हाकायचं तरी कुणाला, चादरी तर वेळेत होत होत्या.

त्याच आठवड्यात थोरलीच्या घशाचं निदान झालं. गाठ होती, आणि ती वाफेची नव्हती. आमच्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर तिला खाट मिळाली. काम सुटल्यावर मी गेले तेव्हा ती आमच्याच हातच्या चादरीवर बसली होती आणि कोपरा तपासत होती.

"ही घडी धाकटीची. वाकडी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आवाजाची पेटीच काढणार म्हणे. गळ्याला भोक, श्वास तिथून. बोलायचं तर पाटीवर लिहायचं. मी डॉक्टरला म्हटलं, अहो, मला एक शिवी लिहायला पाच मिनिटं लागतात. तोवर समोरचा निघून जाईल."

मी तिचा हात धरला.

"मी विचारलं, आणि हसणं? तर म्हणाला, हसाल की. फक्त आवाज येणार नाही." ती खिडकीकडे बघत होती. "मला ते शेवटचं प्रकरण ऐकायचंय, जपवाले. आवाज आहे तोवर. एकदा पोटभर हसू दे, माझं मला ऐकू येईल असं. मग काढा म्हणावं पेटी."

"वाचीन. ऑपरेशनच्या आधी वाचीन."

"न गाळता?"

"न गाळता."

शब्द दिला की तो माझ्या नेमात जातो. त्या दिवसापासून पहाटेच्या जपानंतर मी तो एक शब्द म्हणायचा सराव करू लागले. देवाला आधी सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी 'ह' च्या पुढे गेले नाही. तिसऱ्या दिवशी सगळा निघाला, पण असा की कुणाला वाटावं मी कुणाची माफी मागते आहे. नवरा दाढी करता करता आरशातून म्हणाला, "कुणावर आहे हे?"

"कुणावर नाही. वाचायचंय."

"मग पोटातून म्हण. घशातून म्हणतेस म्हणून पडतोय."

त्यानं दोनदा म्हणून दाखवला. त्याला बराच सराव आहे असं दिसलं.

ऑपरेशन उद्या सकाळी आठला. वॉर्डातल्या सिस्टरनं मला कालच सांगितलं, "चारपर्यंत काय वाचायचं ते वाचा. चारनंतर तयारी सुरू, मग कुणाला आत सोडणार नाही." खाटांवरच्या बाकीच्या बायकांना मी स्वतः विचारलं. एक म्हणाली, जोरात वाचा, माझा डावा कान बंद आहे.

आज तीन वाजता मी मुकादमाच्या टेबलापुढे उभी राहिले.

"साहेब, पुस्तक द्या."

तो हजेरी बघत होता. "कुठलं? ते होय. शनिवारी घेऊन जा घरी."

"आत्ता हवंय. थोरलीला वाचून दाखवायचंय. साडेतीनची चादरींची गाडी मी वर नेते, आणि चारला परत येते."

"गाडी वॉर्डबॉय नेतो. इस्त्रीवाल्यांनी वर जायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि ताई, तिचं उद्या एवढं मोठं ऑपरेशन, आणि तुम्ही तिला हे ऐकवणार? देवाचं नाव ऐकवा की. तुमच्याइतकं कोण चांगलं ऐकवेल?"

"ते मी रोज तिच्यासाठी घेते. तिनं मागितलंय ते हे आहे."

"ऑपरेशन होऊ दे, बरी होऊ दे, मग वाचा निवांत. पुस्तक कुठे पळून जातंय?"

"पुस्तक नाही पळत. उद्यापासून तिला हसता येणार नाही."

"हसायला काय झालं? माणसं हसतात ऑपरेशननंतरही."

"हसतात. आवाज येत नाही."

त्याचं पेन थांबलं. मागे इस्त्र्यांची वाफ सोडण्याचा आवाजही थांबला होता. थोरली नसली तरी बाकीच्या चौघी ऐकत होत्या. मुकादम थोडा वेळ खणाकडे बघत राहिला आणि मग त्याला बायका बघताहेत हे दिसलं. त्यानं चेहरा कडक केला.

"मी परवानगी देत नाही. गेलात तर मला वर लिहून द्यावं लागेल."

"द्या," मी म्हटलं. "साडेतीन लिहा. मी बरोबर साडेतीनला निघणार आहे. आणि कशासाठी गेले तेही लिहा, पुस्तकाच्या नावासकट. त्यातलं काही गाळू नका."

माझा आवाज नेहमीएवढाच होता. मला तेवढाच येतो. पण मी तिथून हलले नाही. तो म्हणाला, "जा, कामाला लागा." मी उभी राहिले. त्यानं हजेरीचं पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. मी उभी राहिले. मौन धरून उभं राहण्यात माझ्यापुढे तो अगदीच नवखा. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यानं खण ओढला, पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता हजेरी लिहायला लागला. दिलं असं त्यानं म्हटलं नाही. मीही उपकार मानले नाहीत.

माझ्या वाट्याच्या चादरी चौघींनी आधीच वाटून घेतल्या होत्या. धाकटीनं गाडी भरून ठेवली होती आणि वरच्या चादरीची घडी तीनदा सरळ केली होती.

"तिला सांगा, ही माझी आहे," ती म्हणाली. "आणि ताई, पुस्तक चादरींच्या खाली घालू का? जिन्यापाशी कुणी विचारलं तर..."

"नको, वर ठेव. विचारलं तर मी सांगणारच आहे."

शेवटचं प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. एकटीनं पुढे वाचायचं नाही, असं ठरलेलं होतं. त्यामुळे त्यात काय आहे, कितीदा पडली आहे आणि कुणाला काय म्हणाली आहे, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की जे असेल ते माझ्या तोंडून जसंच्या तसं निघणार आहे, पोटातून.

गाडीचं एक चाक कुरकुरतं. मी ती लिफ्टकडे वळवली तेव्हा मागे पत्र्याचा आवाज झाला. धाकटीनं कोपऱ्यातल्या नळीचं झाकण उघडून त्याला काठीचा टेकू दिला होता. टोपली बाजूला सारून चौघी त्या काळ्या चौकोनाखाली उभ्या राहिल्या होत्या, मान वर करून. एकीनं बोटं दुमडून मोजायला हात तयार धरला होता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले. मुकादमानं घड्याळाकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि गाडी ढकलली.