तीन आज्यांची वाटी

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही तैवानच्या तैनान शहरातल्या एका स्वयंपाकघरात आहात आणि कुजक्या मासळीचा वास सुटलाय. मधुमेहाने नजर मंदावलेल्या तीन शेजारणींना इस्पितळाने चाचणीसाठी माशाच्या तेलाच्या औषधी कॅप्सूल दिल्या होत्या. कुणाच्या खऱ्या, कुणाच्या नुसत्या साध्या खाद्यतेलाच्या, ते त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणून तिघींनी सगळ्या फोडून एकाच वाटीत कालवल्या आणि एकाच चमच्याने तो पिवळा चिकट लगदा चाटत बसल्या.

त्यांच्यातल्या एकीची नात पिन-यू आपल्या आमाला, म्हणजे आजीला, म्हणाली, "आमा, मग या औषधाने डोळे वाचतात का, हे कळणार कसं?"

"आम्ही जेवण वाटून खातो, मग औषध का नको?" आजी चमचा चोखत म्हणाली. "घे, तूही चाट."

पिन-यूने नाक दाबलं, वाटी उचलली आणि थेट इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.